एका शहरापुरतं लेबल

वॉशिंग्टन डी. सी.मधल्या पंक बँडची नवी रेकॉर्ड आली की ती मी त्या वर्षीच्या जगभरातल्या नव्या संगीताच्या रांगेत उभी करून ऐकत नाही. आधी तिला त्याच शहरातल्या जुन्या रेकॉर्ड्सच्या शेजारी ठेवते. तिथे कोण वाजवतंय, आधी कोणाबरोबर वाजवत होतं, ध्वनिमुद्रण कुठे झालं, पैसे कोणी घातले, हे सगळं माझ्या ऐकण्यात येतंच. संगीत फक्त कानाने ऐकावं, बाकीची माहिती म्हणजे भक्तांची हौस, असं मानणारे बरेच आहेत. पॉप संगीतापुरतं ते कदाचित चालेलही. पण स्थानिक पंकची रेकॉर्ड किती नवी आहे हे केवळ तिच्या नादावरून ठरवलं, तर हाती लागतो तोच तो निष्कर्ष: दोन मिनिटांची गाणी, मोजके कॉर्ड, ओरडून गाणं, पुन्हा तेच. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून माझी खात्री झाली आहे ती अशी की, अशी रेकॉर्ड कोणत्या अटींवर आणि कोणाच्या सोबतीने निघाली हा तिच्या नवेपणाचाच भाग असतो.

याचा सर्वात ठाम पुरावा म्हणजे डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या लेबलची सुरुवात. 1980 साली ते निघालं तेव्हा त्याचा पहिला बँड, टीन आयडल्स, संपल्यात जमा होता. पोरं शाळकरी वयाची. कार्यक्रमांतून जमलेले थोडे पैसे त्यांनी वाटून न घेता आठ गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढण्यात घातले. बाजाराच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा होता, कारण जो बँडच उरलेला नाही त्याची जाहिरात कसली? पण आमच्या शहरात हे घडलं, त्याची नोंद राहावी, एवढाच त्यांचा हेतू होता. कव्हर कसं बनवतात हे माहीत नव्हतं. मग एका इंग्लिश रेकॉर्डचं कव्हर सोडवून सपाट केलं, त्याचा आकार गिरवला, छापून आणलेले कागद कात्रीने कापले, घडी घालून डिंकाने चिकटवले. पुढच्या रेकॉर्ड्सचीही हजारो कव्हरं अशीच हातांनी तयार झाली. विक्रीचे पैसे शहरातल्या पुढच्या बँडकडे वळले. लेखी करार नाहीत, खर्च वजा जाता नफा बँड आणि लेबल यांच्यात निम्मा-निम्मा, आणि बँड फक्त डी. सी. परिसरातले: या शिस्तीचं हे लेबल आजही चालू आहे.

आता याच लेबलच्या अलीकडच्या दोन रेकॉर्ड्स बघू. 2020 साली कोरिकी या त्रिकुटाचा पहिला अल्बम आला. गिटारवर डिस्कॉर्डच्या संस्थापकांपैकी एक, इयन मकाय, ड्रम्सवर एमी फरिना, बेसवर इयनच्याच जुन्या फुगाझी या बँडमधला जो लॅली. यात गिटार फार बोलत नाही. बेस वाट काढतो, ड्रम्स त्याला अडवतात, आणि गिटार नेमक्या जागी येऊन टोचून जाते. ‘क्लीन किल’ हे गाणं लांब बसून ड्रोन चालवणाऱ्या माणसाविषयी आहे. ज्या शहरात सरकार हाच मोठा मालक आहे, तिथे युद्धाविषयीचं गाणं हे गल्लीतल्या विषयावरचंच गाणं असतं. दुसरी रेकॉर्ड 2022 सालची, हॅमर्ड हल्स या चौकडीची ‘करीनिंग’. गाणारा इयनचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक मकाय. इयनच्या मायनर थ्रेट या बँडच्या 1981 सालच्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर पायऱ्यांवर बसून, हातांवर डोकं टेकून, मान खाली घातलेला जो मुलगा दिसतो, तोच हा. चेहरा दिसत नाही, दिसतं ते कापलेल्या केसांचं डोकं. चाळीस वर्षांनी त्याचा आवाज खरखरीत झालाय, पण शब्दाच्या शेवटी श्वास तोडायची सवय तीच आहे. बेसवर आहे मेरी टिमनी, जिचा ऑटोक्लेव्ह हा बँड नव्वदच्या सुरुवातीला याच लेबलवर होता. ध्वनिमुद्रक डॉन झिएंटाराने आर्लिंग्टनमधल्या आपल्या घराच्या तळघरात सुरू केलेल्या इनर इअर स्टुडिओचा संसार 2021 साली त्याच्या नंतरच्या इमारतीतून उठला. ‘करीनिंग’ त्या शेवटच्या पर्वातली आहे. हे ठाऊक असलं की रेकॉर्डमधली घाई वेगळी ऐकू येते.

यावर सरळ आक्षेप येतो: ही तर आठवणींची पूजा झाली, साठीकडे झुकलेली माणसं वाजवतात त्याला नवं का म्हणायचं? आक्षेप वजनदार आहे, पण सातत्य म्हणजे पुनरावृत्ती नव्हे हे याच शहराने एकदा दाखवून दिलं आहे. आपल्या कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या, तेव्हा 1985 च्या उन्हाळ्यात याच मंडळींनी स्वतःच प्रसिद्ध केलेला वेगवान, दणकट बाज बाजूला ठेवला. राइट्स ऑफ स्प्रिंग आणि एम्ब्रेस या बँडनी गाण्यात हळवेपणा आणला, चाली सैल केल्या. पुढे फुगाझीने तिकीट पाच डॉलरच्या आसपास आणि प्रवेश सर्व वयांना खुला ठेवला, प्रेक्षकांतली दांडगाई थांबवण्यासाठी गाणं मध्येच तोडलं. नादातला बदल आणि वागणुकीतला बदल इथे एकाच वेळी झाले. त्यामुळे वय पाहून मी रेकॉर्ड जुनी ठरवत नाही. वाजवणाऱ्यांनी आपल्याच मागच्या कामाला उत्तर दिलं आहे का, हे पाहते. कोरिकीच्या मोकळ्या जागा हे फुगाझीच्या दाटीला दिलेलं उत्तर आहे, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. एका शहरापुरतं लेबल चांगल्या बँडला वाढू देत नाही, असं म्हणतात. 1991 नंतर निर्वाना या बँडच्या यशाने मोठ्या कंपन्या अशा शहरांत शिरल्या, आणि डिस्कॉर्डच्या बँडपैकी जॉबॉक्स अटलांटिककडे, शडर टू थिंक एपिककडे गेले. त्याला मी गद्दारी म्हणत नाही; जॉबॉक्सचा 1994 सालचा ‘फॉर युअर ओन स्पेशल स्वीटहार्ट’ त्यांचा सर्वोत्तम अल्बम आहे, मोठ्या खर्चाचा फायदा त्यात ऐकू येतो. पण 2009 साली तोच अल्बम पुन्हा काढला तो जॉबॉक्सच्याच माणसांच्या डिसोटो या लेबलने, डिस्कॉर्डच्या साथीने. मोठी कंपनी रेकॉर्ड काढते, ती जपण्याचं काम मात्र बरेचदा घरच्यांना करावं लागतं.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ‘आपल्या शहराची नोंद’ म्हणताना शहर म्हणजे कोण? त्या काळी डी. सी. हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर होतं, आणि डिस्कॉर्डच्या सुरुवातीच्या यादीत बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय मुलं होती. ज्यांच्यापासून सगळ्यांनी वेग शिकला ते कृष्णवर्णीय बॅड ब्रेन्स न्यूयॉर्कला निघून गेले. मायनर थ्रेटने 1983 सालचा आपला शेवटचा कार्यक्रम ट्रबल फंक या, शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या गो-गो नावाच्या फंक संगीतातल्या बँडबरोबर केला, पण दोन संगीतांमधली भिंत एका रात्रीत पडत नसते. चॉक सर्कल हा फक्त मुलींचा बँड 1981 ते 1983 याच वर्तुळात वावरला. त्यांची गाणी एकत्र अल्बम म्हणून निघाली ती 2011 साली, तीही डिस्कॉर्डकडून नव्हे, इतर लेबलांकडून. शेजाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्यांना हाकेच्या अंतरावरचे शेजारी दिसले नाहीत. यावरून स्थानिक असणंच चूक ठरतं, असं मी म्हणणार नाही. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या कंपन्यांनीही चॉक सर्कलचं दार ठोठावलं नव्हतंच. पण नव्या रेकॉर्डकडून माझी अपेक्षा यामुळे वाढली आहे. ‘करीनिंग’चे श्रेय-तपशील वाचताना ओळखीची नावं भेटल्याचा आनंद होतो, आणि त्याच यादीत मी आधी कुठेच न वाचलेलं नाव शोधते.