आगबोटीवरची पंगत

तुम्ही म्हणाल, मावळातल्या भातखाचरात जन्म गेलेली बाई इटालियन आगबोटीवरच्या जेवणाचं काय सांगणार? पण लेक-जावई जर्मनीत असतात. त्यांनी हट्ट धरून आम्हा दोघांना नेलं. जेनोवा बंदरातून निघून फ्रान्स-स्पेनच्या किनाऱ्यानं फिरून सात दिवसांनी परत जेनोवाला. समुद्र पाहिला, गावं पाहिली. पण माझं सगळं लक्ष ताटावर. कारण धाकट्याचं लग्न वैशाखात ठरलेलं, आणि पंगत घालायची की बुफे लावायचा यावरून घरात दोन तट पडलेले. धाकटा आणि त्याचे मित्र बुफेवाले. ती गोष्ट मनात घेऊनच मी बोटीवर चढले होते.

बोट कसली, पाण्यावरचं तालुक्याचं गावच. जेवायच्या जागा इतक्या की पहिल्या दिवशी लेकीनं आम्हाला नुसतं हिंडवून दाखवलं. त्यातल्या दोन तिकिटातच धरलेल्या : एक खालच्या मजल्यावरचं मोठं भोजनघर, आणि एक वरचा बुफे. बाकी सगळीकडे पैसे वेगळे. भट्टीतला पिझ्झा वेगळा, मासळीचं हॉटेल वेगळं, जपानी खाणं वेगळं, कॉफीसुद्धा वेगळी. आमच्या तिकिटात बाटलीचं पाणीही नव्हतं. तुमच्यापैकी कुणाची मुलं असं तिकीट काढणार असतील तर आत काय धरलंय आणि काय नाही हे आधी विचारून घ्या. नाहीतर शेवटच्या दिवशी बिल हातात पडतं तेव्हा सहलीची गोडी उतरते.

खालच्या भोजनघरात रात्री दोन पंगती. हो, पंगतीच म्हणायच्या. आमच्या मालकांना नवाला झोप येते, म्हणून आम्ही पहिली घेतली. टेबल सातही दिवस तेच आणि वाढपीही तोच. योगायोग असा की पोरगा गोव्याचा, सासष्टीतला. त्याच्या गावाकडे बोटीवर चाकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि घराआड एक तारवटी असतो म्हणे. कोकणी-मराठीत बोलायला लागला तशी आमची काळजी मिटली.

आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात सगळं एकदम पानावर येतं, आणि कशाबरोबर काय खायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. इटालियन माणूस तसं करत नाही. आधी काहीतरी चाखायला. मग शेवयांचा नाहीतर भाताचा प्रकार. त्याला ते ‘पहिलं’ म्हणतात. मग मासमटणाचं ‘दुसरं’, आणि त्याच्या बाजूला भाजी. शेवटी गोड. एक ताटली उचलल्याशिवाय दुसरी येत नाही. पहिल्या रात्री मालक म्हणाले, “हे वाढतायत की हप्त्यानं देतायत?” पण दोन दिवसांत त्यातली गंमत कळली. भुकेचा अंदाज घ्यायला वेळ मिळतो. पोटात जागा नसेल तर पुढची ताटली नको म्हणता येतं.

त्यांच्या शेवयांना पास्ता म्हणतात, हे आता आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण तो कशाचा करायचा हे तिथं कायद्यानं ठरलंय, ते मला नवीन. इटलीत सुका पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचाच हवा, असा कायदा 1967 साली झाला. कठीण गहू म्हणजे आपला बन्सी, ज्याच्या आपण शेवया आणि कुरडया करतो. जेनोवाची चटणी तर मला घरचीच वाटली. सब्जाच्या जातीचा कोवळा पाला, लसूण, चिलगोज्यासारखा दाणा, ऑलिवचं तेल आणि किसलेलं चीज, हे सगळं संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं कुटतात.

चीज म्हटल्यावर एक सांगायलाच हवं. मालक माळकरी. तिकडच्या शाकाहारी पदार्थातही पार्मेसान नावाचं चीज पडतं, आणि त्याचं विरजण वासराच्या पोटातून काढलेलं असतं. तसंच ते करायचं असा त्यांचा नियमच आहे. भातातही कधी कोंबडीचं पाणी असतं. लेकीनं हे सगळं आधी काढून ठेवलं होतं. तिकीट काढतानाच कळवलं आणि टेबलावर पुन्हा बजावलं. आमच्या गोवेकर पोरानं रोज आत जाऊन, विचारून, मगच वाढलं. माळकरी माणसानं नुसत्या ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबू नये.

तिसऱ्या रात्री भात आला, रिसोट्टो. आपल्या गुरगुट्या भाताचा भाऊ, पण आत दाण्याला किंचित कणी ठेवलेली. तांदूळ धूत नाहीत, कढत पाणी पळीपळीनं घालत ढवळत राहतात. आमच्या इंद्रायणीचा वास त्याला नाही, हे मी म्हणणारच. पण युरोपात सगळ्यात जास्त भात इटलीच पिकवते. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात, वेर्चेल्ली-नोवाराकडे ही खाचरं आहेत. 1866 साली पुऱ्या झालेल्या कावूर कालव्याचं पाणी त्यांना मिळतं. यंत्रं आणि तणाची औषधं येण्याआधी तिथं बायाच गुडघाभर पाण्यात वाकून बेणणी करायच्या. मोंदिने म्हणत त्यांना. आठ तासांच्या वर काम नाही, हे त्यांनी वेर्चेल्लीत 1906 साली भांडून मिळवलं. जावईबापूंनी हे सांगितलं तेव्हा माझा हात आपोआप कमरेला गेला. इरलं घेऊन लावणी केलेल्या बाईला ते वेगळं समजवावं लागत नाही. त्या रात्री ताटलीत एक शीत ठेवलं नाही.

आता वरचा बुफे. शिरताना हात धुवायला नळ, ही सोय फार चांगली; शेकडो लोक त्याच डावांना हात लावतात. खोटं कशाला बोलू, बुफेचा उपयोगही झाला. एकादशी बोटीवरच आली, तेव्हा उकडलेला बटाटा, केळी, कलिंगड, दूध, सगळं मालकांना तिथंच मिळालं. पण आजूबाजूला पाहवेना. माणसं एकाच ताटलीत मासा, केक, नूडल्स आणि टरबूज रचून आणत होती, दोन घास खाऊन उठत होती, आणि लगेच दुसरी ताटली. खायला काही मोजावं लागत नाही म्हटलं की हात आवरत नाही, पैसेवाल्याचाही नाही.

त्या उष्ट्याचं काय होतं, मी गोवेकर पोराला विचारलं. बोटीवर ना गोठा, ना उकिरडा. भूमध्य समुद्रात नियम असा की, 25 मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक करायचं आणि किनाऱ्यापासून किमान 12 सागरी मैल दूर गेल्यावर पाण्यात सोडायचं. इटलीत 2016 साली उरलेलं अन्न दान करणं सोपं करणारा कायदा झाला. कोस्टा नावाच्या कंपनीच्या बोटींनी 2017 पासून साव्होना बंदरात न वाढलेलं अन्न गरजूंसाठी बांको आलिमेंतारे या संस्थेला द्यायला सुरुवात केली. ही कोस्टा मंडळी मूळची जेनोवाची, 1854 पासून ऑलिव तेलाचे व्यापारी. तेव्हा शेतमालाची किंमत ठाऊक असणार! पण लक्षात घ्या, देता येतं ते भांड्यात उरलेलं. ताटलीत गेलेलं कुणाच्याच कामाचं राहत नाही.

पोरगा हे सांगताना हळूच म्हणाला, “आमच्या घरचं भाताचं शेत मात्र पडीक आहे. करायला माणूस नाही.” त्यावर आम्ही दोघं काय बोलणार? मालकांनी त्याला विचारलं, खारं पाणी शिरतं का शेतात. मग बराच वेळ बांधाचंच बोलणं झालं.

घरी आल्यावर धाकट्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, आपल्या पंगतीत काय कमी वाया जातं? आग्रहाच्या जिलब्या पानातच राहतात. आणि ते खरंच आहे. बोटीवरचा पोरगा आधी विचारायचा, “अर्धी आणू?” आपल्याकडे पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात. तेव्हा ठरलं ते असं : पंगत घालायची, म्हाताऱ्यांना टेबल-खुर्ची, आणि वाढणाऱ्यानं विचारल्याशिवाय पळी वाकवायची नाही. अडचण एकच, विचारून वाढायचं तर पोरं जास्त लागतात. धाकट्यानं यादी करायला घेतलीय. 19 नावं झालीत, 30 तरी हवीत.