कापण्यापूर्वीचे काम

मोठ्या आतड्यातील 20 मिलिमीटरांहून मोठा, देठ नसलेला, शेवाळासारखा भिंतीला धरून पसरलेला पॉलिप दुर्बिणीच्या पडद्यावर दिसताच फास टाकण्याची जी ऊर्मी तरुण डॉक्टरांच्या हातांत उत्पन्न होते, ती आवरावयास शिकणे हाच या विद्येचा आरंभ होय, असे माझे मत वर्षानुवर्षांच्या अनुभवाने दृढ झाले आहे. न्यू यॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात 1969 साली विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून पॉलिप काढण्याचा पाया घातला. तरीही मोठ्या, सपाट पॉलिपांच्या रुग्णांना पुढे कित्येक वर्षे पोट उघडण्याचाच रस्ता दाखवला गेला, आणि काही ठिकाणी तो अद्याप दाखवला जातो, हे खेदाने नमूद करणे भाग आहे.

प्रथम आतडे धुऊन घ्यावे आणि पाहावे. पॉलिपच्या पृष्ठभागावर सूक्ष्म रंध्रांची जी नक्षी असते, तिची वर्गवारी जपानच्या कुडो यांनी लावून दिली आहे. ती नक्षी जेथे विस्कटलेली किंवा पुसून गेलेली दिसते, तेथे कर्करोग खोलवर उतरल्याचा संशय धरून फास बाजूला ठेवावा, कारण तो प्रांत शल्यविशारदाचा आहे.

नक्षी शाबूत असेल तर सुई. निळा रंग मिसळलेले द्रावण श्लेष्मल त्वचेखालच्या थरात सोडले की पॉलिप सावकाश वर येतो आणि खालच्या स्नायूपासून दूर होतो. उजव्या बाजूस आतड्याची भिंत अवघी 2-3 मिलिमीटर जाडीची असल्यामुळे रुग्णाची सुरक्षितता या द्रावणाच्या थरावरच अवलंबून असते. पॉलिप उचलला जात नसेल, तर एक तर रोग खोल गेलेला असतो, नाही तर पूर्वी कोणी तुकडा काढल्यामुळे खाली व्रण धरलेला असतो. पॉलिप उचलला गेल्यानंतरच तो फासाने तुकड्यातुकड्यांनी काढावा, आणि प्रत्येक तुकड्यानंतर खालची जागा निरखावी. ती सर्वत्र सारखी निळी असेल तर पुढे जावे. निळ्यात पांढरे वर्तुळ उमटले असेल तर स्नायूला इजा पोहोचली आहे, हे ओळखून तत्क्षणी क्लिपा लावून ती जागा मिटवावी. आतड्याला छिद्र पडण्याचा प्रसंग शेकडा 1-2 रुग्णांतच येतो. मागाहून होणारा रक्तस्राव त्याहून अधिक, विशेषतः उजव्या बाजूस. परंतु तोही बहुधा शस्त्रक्रियेवाचून आटोक्यात येतो. उलटपक्षी, कर्करोग नसलेल्या पॉलिपांसाठी अमेरिकेत झालेल्या शस्त्रक्रियांच्या एका मोठ्या पाहणीत शेकडा 14 रुग्णांना गंभीर उपद्रव झाल्याची नोंद आहे.

कोकणातील एका निवृत्त तलाठ्यांनी शुद्धीवर येताच मला विचारले, “डॉक्टरसाहेब, मुळासकट निघालं ना?” हा प्रश्न रास्तच होता. सगळा पॉलिप निघाल्याचे डोळ्यांना दिसत असले तरी जखमेच्या कडेला नजरेस न येणाऱ्या पेशी उरतात आणि त्यांतून तो पुन्हा वाढतो. फासाच्या टोकाने ही कड मंद उष्णतेने सभोवार भाजून घेतली असता सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत पुन्हा वाढ आढळण्याचे प्रमाण शेकडा 21 वरून 5 वर आले, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासाने दाखवले. कड भाजण्यास काही मिनिटेच लागतात. ती वाचवणे मला अक्षम्य वाटते. तलाठीसाहेबांना मी एवढेच सांगितले की, आजचे काम नीट झाले आहे, पण सहा महिन्यांनी फेरतपासणीला अवश्य यावे. ते आले, कड स्वच्छ होती.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच कळकळीची विनंती आहे. मोठा, सपाट पॉलिप दृष्टीस पडला आणि त्यात कर्करोगाची चिन्हे नसली, तर त्याचा तुकडा काढू नये, फास घालून तो अर्धवट तर मुळीच सोडू नये. स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत, जागा नेमकी लिहून ठेवावी, आणि हे काम नित्य करणाऱ्याकडे रुग्णाला त्या कागदांसह पाठवावे.