कात्रजच्या गाडीचा वीजहिशेब

‘गाडी किलोमीटरला किती युनिट खाते?’ पुण्यात फेब्रुवारी २०१९मध्ये पीएमपीच्या पहिल्या इलेक्ट्रिक बस धावल्या, तेव्हापासून हा प्रश्न डेपोत सतत ऐकू येतो. विजेचा अंदाज बांधणं हेच माझं काम, आणि मला तो प्रश्न अपुरा वाटतो. भर शहरात वीज किती जाईल हे अंतरापेक्षा थांबण्यावर आणि खोळंब्यावर जास्त ठरतं.

स्वारगेट ते कात्रज घ्या. बारा मीटरची गाडी, उतारूंसकट धरू १५ टन. ताशी ४० किलोमीटरचा वेग पकडेपर्यंत तिच्यात पाव युनिट ऊर्जा साठलेली असते. वेग कमी करताना मोटरच जनित्र होते आणि त्यातली काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. पण बाहेर पडताना एकदा आणि आत जाताना पुन्हा, अशी दोनदा घट होते. मी अर्ध्याहून जास्त परतावा सहसा धरत नाही. बाकी सगळं चालकाच्या हातात, खरं तर पायात. पुढचा सिग्नल लाल दिसला की जाणता चालक लांबूनच पाय उचलतो. पॅनेलवरचा विजेचा आकडा शून्याखाली उतरतो आणि गाडी थांबत येईपर्यंत तिथेच राहतो. मध्येच रिक्षा आडवी घुसली, करकचून ब्रेक लागला, की त्यातली बरीचशी ऊर्जा ब्रेक तापवण्यात संपते. एकाच मार्गावरच्या दोन चालकांच्या आकड्यांत फरक पडतो तो असा. सरासरी काढून तो पुसून टाकणं मला पटत नाही.

म्हणून वेगाची नोंद दर सेकंदाला हवी. दहा-दहा सेकंदांनी घेतली तर मधली धरसोड निसटते, कागदावर वाहतूक सुरळीत दिसते आणि अंदाज कमी येतो. चढाचं तर आणखी अवघड. कात्रजकडे रस्ता चढत जातो. १०० मीटर उंची गाठायला या गाडीला नुसत्या वजनापोटी चार युनिट लागतात. उपग्रहावरून मोजलेली उंची मात्र कधी रस्त्याची असते, तर कधी शेजारच्या इमारतीच्या गच्चीची. उड्डाणपुलाखालून गेलेली गाडी हिशेबात पूल चढून उतरते. असे खोटे चढ एकेक करून काढावे लागतात.

आणि एसी. त्याचा हिशेब रिक्षाच्या वेटिंगसारखा: चाक फिरो न फिरो, आकडा चढतच असतो. मे महिन्यातल्या दुपारी एसी १० किलोवॅट घेतोय असं धरा. ताशी २० किलोमीटरच्या सरासरीनं किलोमीटरला अर्धा युनिट त्यावर जातो. कोंडीत सरासरी १० वर आली की तोच एक युनिट होतो. सपाट रस्त्यावर टायरच्या घर्षणापोटी किलोमीटरला युनिटचा साधारण तिसरा हिस्सा जातो, हे शेजारी ठेवून पाहा. गणपतीत रस्ते बंद होऊन गाड्या वळवल्या की वाढलेल्या अंतराची चर्चा होते. मला धास्ती असते ती वाढलेल्या वेळेची.

खासगी गाड्या भाड्यानं चालवायच्या करारांत बऱ्याचदा किलोमीटरमागे युनिटची मर्यादा असते आणि वर गेलेल्या विजेचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद होतात. त्या मर्यादेशेजारी मार्गाचा सरासरी वेग आणि महिना लिहावा, एवढं मी प्रत्येक बैठकीत मागतो. सकाळी सहाची फेरी आणि संध्याकाळी सातची फेरी एकाच मापानं मोजून चालकाला जाब विचारणं अन्यायाचं आहे.