पगार गेला आणि तरोटा सापडला!

तरोटा खाल्लाय का तुम्ही? नसेल, तर पुढचं वाचायच्या आधी घराबाहेर पडून रस्त्याच्या कडेला बघा, बहुतेक तिथेच उभा असेल! मृगाचे दोन पाऊस झाले की पडक्या भिंतीशेजारी, उकिरड्याच्या बाजूला, बांधावर, जिथे म्हणून माती मोकळी आहे तिथे तो उगवतो. कोवळा पाला खुडायचा, धुवायचा, कांदा-लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर परतायचा आणि गरम ज्वारीच्या भाकरीवर घ्यायचा. थोडासा उग्र, थोडासा तुरट, आणि दुसऱ्या घासाला तर असा काही लागतो की बस! चाळिशी उलटेपर्यंत ही चव मला माहीतच नव्हती. कळली तेव्हापासून जो भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

आता हे कसं घडलं ते सांगतो. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो. आमचा विभाग बंद झाला, दुसरी नोकरी लागेना, आणि भाड्याचं घर सोडून आम्ही चौघं उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला, आई-बाबांकडे परतलो. बायकोला इथल्या एका खासगी शाळेत काम मिळालं. मी एका दुकानाचे हिशेब लिहितो. दोघांचं मिळून जे येतं ते पूर्वीच्या पगाराच्या निम्मंही नाही. घरभाडं वाचलं हे खरं, पण खाणारी तोंडं सहा. म्हणून एक वही केली, रोजचा खर्च लिहायला लागलो. किराण्याला हात लावायला जागा नव्हती, भाजीचा आकडा मात्र पानापानावर डोळ्यांत खुपत होता. आषाढात तर गवार, भेंडी सगळंच कडाडलेलं.

एका सकाळी मी पिशवी घेऊन निघालो तर आई म्हणाली, ‘‘भाजी इकत कायले आणतं रे? पानी पडला न!’’

मला काही समजेना. तेव्हा आई आणि शेजारच्या काकू मला आमच्या वावराच्या बांधावर घेऊन गेल्या. आणि काय सांगू, दहा-पंधरा पावलांत निम्मा बाजार! हा तरोटा. हा कुंजर, याची भाजी पालकाहून मऊ होते. हा केना, याच्या पानांची भजी करायची. ही घोळ, जाडसर पानांची, आंबट. ही पातूर, ही तर भाकरीबरोबर कच्चीच खायची. मी ‘हे काय, ते काय’ विचारत सुटलो आणि काकू हसत होत्या, ‘‘अवो भाऊ, शेतकऱ्याच्या पोराले हेबी मायीत नाई?’’ तासाभरात ओटी भरली. संध्याकाळी वहीत भाजीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि ते शून्य सगळ्यांना दाखवत घरभर फिरलो!

त्याच वहीच्या मागच्या पानांवर आता आईनं सांगितलेलं वर्षाचं वेळापत्रक आहे. श्रावणात काटवलं आणि धोप्याच्या पानांच्या वड्या. त्यानंतर अंबाडी: आधी पाला, डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाचं तेल, मग तिची लाल बोंडं, चटणीला आणि शरबताला. पुढे हेटीची फुलं. थंडीत तुरीचे सोले आणि हरभऱ्याचा कोवळा पाला, जो वाळवून डब्यात भरला की उन्हाळ्यापर्यंत टिकतो. उन्हाळ्यात चिवळ आणि शेवगा, आणि खाटेवर जुनं लुगडं अंथरून घातलेल्या मुंगवड्या. या मुंगवड्यांची गंमत बघा: भर पावसात घरात काही नसलं की मूठभर वड्या तेलात परतायच्या, तिखट रस्सा करायचा, सहा माणसं पोटभर जेवतात. आई दरवर्षी पुण्याला डबा भरून पाठवायची आणि तो तिथे फडताळात पडून असायचा. आता आम्ही मोजून वापरतोय!

सोयाबीनच्या सोंगणीनंतर सर्वा वेचायला जायचंय. वावरवाल्याला विचारून मागे राहिलेल्या शेंगा, दाणे गोळा करायचे. पूर्वी यावर घरं चालायची, असं बाबा सांगतात. मुलं तर आत्तापासून विचारताहेत, कधी जायचं म्हणून!

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगायची आहे. वाटेल तिथली भाजी उचलायची नाही. आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा, आणि 2017च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या वावरात फवारा झालाय त्याच्या बांधावरची भाजी आई तोडू देत नाही. तणनाशक मारलेल्या जागेत तर ही भाजी उरतच नाही, कारण तरोटा, केना, कुंजर हे सगळं त्या डब्याच्या लेखी तणच. आमच्या बांधाला बाबांनी कधी तणनाशक लावलं नाही, म्हणून आमची भाजी शाबूत आहे. निंदणाची मजुरी वाचवायला लोक ते मारतात, त्यांची अडचणही खोटी नाही. पण त्या वाचलेल्या मजुरीतून भाजीवर किती जातं, हा हिशेब कुणी मांडताना दिसत नाही. दुसरं असं की नवख्यानं एकट्यानं ओळखायला जाऊ नये, जाणत्या बाईबरोबर जावं.

आणि जे आपल्या बांधावर मिळत नाही ते विकतच घ्यावं. आठवडी बाजारात कोलाम बाया जंगलातून काटवलं आणि बांबूचे वास्ते, म्हणजे कोंब, आणतात. त्यामागे दिवसभराची पायपीट असते, तिथे मी घासाघीस करत नाही. काटकसर म्हणजे दुसऱ्याच्या कष्टाला कात्री नव्हे. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे तर भाजी कशी करायची हेही विचारता येतं.

भाजीनं वाट दाखवली आणि मग काटकसरीचे बाकीचे शोधही लागत गेले. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना 2022 पासून फुकट. म्हणजे यवतमाळच्या दवाखान्याची फेरी आई-बाबांची अर्ध्या तिकिटात! वर्धेला जायला फेब्रुवारी 2024 पासून कळंबहून रेल्वे सुरू झाली आहे. शेतकऱ्यांच्या केशरी रेशनकार्डावर आमच्यासारख्या जिल्ह्यांत 2023 पासून धान्याऐवजी माणशी रोख रक्कम खात्यात येते. तहसीलमध्ये जाऊन कार्डावरची नावं नीट करून घेतली. गावातल्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला तर चालतच जातो आणि येताना चक्रावती नदीच्या काठानं भाजी शोधत येतो!

उगाच गुलाबी चित्र रंगवत नाही. दुचाकीचा हप्ता तरोट्यानं भरता येत नाही. मुलांची फी, बाबांची औषधं तशीच आहेत, आणि नोकरीसाठी अर्ज करणं चालूच आहे. पण भाजीचा खर्च पावसाळ्यात जवळजवळ नाहीसा झाला, तो पैसा औषधांकडे वळला, आणि ताटात पूर्वीपेक्षा जास्त प्रकार आले. पगार चांगला असताना आम्ही आलटून पालटून चार भाज्या खायचो हो!

तेव्हा माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरचा पगार थांबला असेल, कमी झाला असेल, तर खर्चाची वही जरूर करा, रेशनकार्ड तपासा, पण त्याबरोबरच घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, की पूर्वी हातात पैसे नसताना तुम्ही काय रांधत होता. ती सांगेल ते सगळं लिहून घ्या. आणि तुमच्याकडे हातभर बांध असेल, तर यंदा त्यावर तणनाशक मारू नका.