दिवे मालवलेले गाव

आर्जेंटिनाच्या पूर्व किनाऱ्यावरून नकाशात बोट खाली खाली नेत गेले, की चुबुत प्रांतात कोमोदोरो रिवादाविया हे शहर सापडते. राजधानी ब्वेनोस आयरेसपासून ते सुमारे 1,800 किलोमीटर दूर. माझा भाचा तिथे तेलाच्या कामावर आहे, म्हणून माझे पाय तिकडे वळले; एरवी मराठीचा मास्तर पाटागोनियात कशाला जातो!

1907 साली इथे पाण्यासाठी जमीन खणत होते आणि लागले तेल. गावाचे नशीब फळफळले. पण गावावर खरे राज्य आहे ते वाऱ्याचे. “मामा, मोटारीचं दार दोन्ही हातांनी धरा हं, नाहीतर वारा उखडून नेईल,” हे भाच्याचे स्वागताचे पहिले वाक्य! शहर मागे पडले, की खुरट्या झुडपांचे माळरान सुरू होते. सावली देईल असे झाड शोधूनही सापडत नाही. आणि गंमत अशी, की याच मुलखात शास्त्रज्ञ मंडळी एक सावली पकडायला आली होती.

चंद्र रोहिणीच्या चांदणीला झाकतो त्याला आपण पिधान म्हणतो. पिधान म्हणजे झाकण. इथे मात्र झाकणारा चंद्र नव्हता. 2014 साली हबल दुर्बिणीला प्लूटोच्याही पलीकडे, सुमारे 650 कोटी किलोमीटरांवर, एक ठिपका दिसला होता. सूर्याभोवती फिरणारा तो एक चिमुकला गोठलेला गोळा. ‘न्यू होरायझन्स’ नावाचे यान त्याच्या भेटीला निघाले होते. पण ज्याच्या दारी जायचे तो केवढा, कसा, कुणालाच ठाऊक नव्हते!

उपाय एकच. तो एखाद्या ताऱ्याच्या आड गेला, की त्याची सावली पृथ्वीवरून सरकते. ती गाठायची आणि तारा किती वेळ झाकला गेला ते मोजायचे. तारा अतिदूर, म्हणून सावलीची रुंदी त्या गोळ्याएवढीच, फार तर तीसएक किलोमीटर. हबलने टिपलेल्या त्याच्या जागा आणि गाया यानाने मोजलेली ताऱ्यांची स्थाने यांवरून सावलीची वाट ठरवली गेली. 3 जून 2017 रोजी आर्जेंटिनात आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी लावल्या. एकाही दुर्बिणीत तारा मिचकला नाही! उरली त्या वर्षातली अखेरची संधी, 17 जुलैची.

जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. कडाक्याची थंडी, त्यात तो वारा. सावलीच्या वाटेवर आडव्या ओळीने, काही किलोमीटरांच्या अंतराने, 24 दुर्बिणी मांडल्या होत्या. दुर्बीण जराशी थरथरली तरी सारे श्रम वाया. तेव्हा गावकऱ्यांनी आपले मालमोटारींचे धूड वाऱ्याच्या आड उभे केले. दिव्यांचा झोत नको म्हणून मोठा रस्ता दोन तास बंद ठेवला, आणि रस्त्यांवरचे दिवे मालवले. ज्या गोळ्याचे नावही त्यांनी कधी ऐकले नव्हते, त्याच्यासाठी ही माणसे अंधारात बसली!

मध्यरात्र उलटल्यावर पाच दुर्बिणींत तारा जेमतेम सेकंदभर विझला आणि पुन्हा उजळला.

मग उरलेल्या एकोणीस जणांचे जागरण फुकट गेले म्हणायचे काय? मुळीच नाही. पाचांनी सावलीची रुंदी सांगितली. बाकीच्यांनी ती कुठे संपते ते सांगितले. रांगोळीची आकृती रेषांनी जितकी होते तितकीच भोवतीच्या कोऱ्या जागेनेही होते, तसेच हे. त्या सावलीवरून तर्क निघाला, की हा गोळा सरळ गोल नसून लांबट, बहुधा जोडगोळी असावी. 1 जानेवारी 2019 रोजी यान त्याच्याजवळून, सुमारे 3,500 किलोमीटरांवरून गेले. छायाचित्रात खरोखरच दोन गोळे एकमेकांना चिकटलेले दिसले! त्याच वर्षी त्याला ‘अ‍ॅरोकॉथ’ हे नाव मिळाले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या पोव्हॅटन भाषेत त्याचा अर्थ आकाश.

विज्ञानाला लोक पैसा देतात, जमीन देतात. कोमोदोरोच्या लोकांनी अंधार दिला. यंदा पणत्या लावून झाल्या, की मुलांना गच्चीवर न्यावे, तिथला दिवा घटकाभर मालवावा आणि वर पाहावे. त्या गावाने काय दिले, ते त्यांना न सांगताच कळेल.