पक्षाघातानंतर जोडीदाराने काय करावे आणि काय करू नये

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने तुंबल्यामुळे किंवा फुटल्यामुळे मेंदूच्या एखाद्या भागाचे काम थांबते, त्याला पक्षाघात म्हणतात; जिवावरचे संकट टळल्यावर गमावलेल्या क्रिया जमेल तितक्या परत मिळवण्याचा जो लांबलचक टप्पा सुरू होतो, ते पुनर्वसन. नाशिकच्या रुग्णालयांत असे रुग्ण शहरातून येतात, तसेच सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागातून आणि निफाड-येवल्याच्या शेतीपट्ट्यातूनही येतात. 'पेशंटजवळ कोण थांबणार?' या प्रश्नाला बहुतेक वेळा पत्नीच पुढे होते, परंतु हे थांबणे किती महिन्यांचे असेल याची तिला कल्पना नसते आणि ती दिलीही जात नाही.

जोडीदाराला शिकवून सोडले की पुनर्वसनाचे काम घरीच होईल, हा विचार मनुष्यबळाच्या टंचाईत मोठा सोयीचा वाटतो. त्याची कसोटी भारतातच घेतली गेली. देशातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाचा अभ्यास झाला. एका गटातील नातेवाइकांना रुग्णालयात आणि नंतर घरी व्यायाम करून घेण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्यात आले, तर दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनी दगावलेल्या अथवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के म्हणजे सारखेच होते. ब्रिटनमध्ये २००४ साली एका केंद्रातील अशाच प्रशिक्षणाचे चांगले परिणाम दिसले होते, पण २०१३ साली ३६ केंद्रांतील मोठ्या अभ्यासात ते टिकले नाहीत.

या निष्कर्षावरून जोडीदाराची सोबत निरुपयोगी ठरत नाही. फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि दैनंदिन कामे पुन्हा शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्या जागी घरच्या माणसाला उभे करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. 'व्यायाम करून घ्यायला आपणच कमी पडलो, म्हणून हे चालू शकत नाहीत' असे स्वतःला दोष देत बसणाऱ्या कितीतरी स्त्रियांना ही गोष्ट कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. सुधारणा किती होईल हे मुख्यतः मेंदूला झालेल्या इजेवर ठरते, पत्नीच्या निष्ठेवर नव्हे.

जोडीदाराला जे शिकवायलाच हवे ते थोडे, पण नेमके आहे. पक्षाघातात गिळण्याच्या स्नायूंवरचा ताबा सुटला की अन्नाचा अंश श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि अशा वेळी घट्टसर पेजेपेक्षा साधे पाणी अधिक धोक्याचे असते, हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही. चहात बुडवलेले बिस्किट मऊ म्हणून मायेने भरवले जाते. वास्तविक त्यात पातळ आणि भुगा झालेले घट्ट असे दोन्ही एकाच घासात तोंडात येते आणि दुबळ्या जिभेला ते सांभाळता येत नाही. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही न देणे, तपासणीनंतर परवानगी मिळेल ते ताठ बसवून चमच्याने थोडे थोडे देणे, एक घास गिळून झाल्याशिवाय दुसरा न देणे आणि घासानंतर खोकला आला किंवा आवाज ओलसर झाला तर थांबणे, एवढे पत्नीला प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. लुळ्या हाताचेही तसेच आहे. खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असताना त्या हाताला धरून रुग्णाला उठवले की खांदा दुखावतो, आणि ते दुखणे पुढे हाताच्या व्यायामाच्याच आड येते. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत नेताना खुर्ची धडधाकट बाजूला लावून ब्रेक घालणे, रुग्णाला कडेला सरकवून दोन्ही पाय जमिनीवर टेकवणे आणि त्याला पुढे झुकवून कमरेच्या पट्ट्याला धरून वळवणे, हा क्रम परिचारिकेच्या देखरेखीखाली वारंवार गिरवला नाही, तर रुग्ण पडतो किंवा पत्नीची कंबर धरते.

याहून अवघड असते ते स्वभावातील बदल ओळखणे. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. काहींना कारण नसताना रडू फुटते, आणि तो मेंदूच्या इजेचाच परिणाम असतो. वाचाघातात, म्हणजे शब्द सापडण्याची अथवा समजण्याची क्षमता गेल्यावर, बुद्धी बऱ्याच अंशी शाबूत असते. तरीही सभोवतालचे लोक रुग्णाशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागतात. त्याला 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा प्रश्न विचारून थांबून राहणे, हे पत्नीला इतर कोणाहून चांगले जमते, कारण त्याच्या आवडीनिवडी तिला ठाऊक असतात. सोबतीचे खरे मोल इथे आहे. याच काळात उजवा हात गेलेल्या नवऱ्याची बँकेतील सही, लासलगावच्या बाजारातील कांद्याची विक्री आणि मुलांची फी हेही तिच्याच अंगावर येते. पती-पत्नीच्या शरीरसंबंधांबद्दल तर डॉक्टर आणि दांपत्य दोघेही मौन पाळतात. स्वच्छतेची सारी कामे करणाऱ्या पत्नीला पुन्हा पत्नी म्हणून वागता यावे, यासाठी ती कामे काही वेळ तरी दुसऱ्या कोणी करणे गरजेचे असते.

तज्ज्ञांच्या मदतीच्या बाबतीत नाशिक सुदैवी ठरू शकते. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथेच, म्हसरूळला आहे, मराठा विद्या प्रसारक (मविप्र) समाजाचे फिजिओथेरपी महाविद्यालयही शहरात आहे. हातापायांची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि नेमक्या त्याच काळात सुरगाण्याचा रुग्ण घरी परतून तज्ज्ञांपासून दुरावतो. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणातील काही आठवडे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांना जोडले, तर व्यायामाची जबाबदारी जाणत्या हातांत राहील. डिस्चार्ज देण्यापूर्वी पत्नीने एक पूर्ण रात्र परिचारिकेच्या नजरेखाली रुग्णाला एकटीने सांभाळून पाहावे, आणि ते तिच्याने होणार नाही असे दिसले तर डिस्चार्जची तारीख पुढे ढकलावी.