लाबोच्या वाळूंतील पाणबुडी

गेल्या वैशाखांत आम्ही उभयतां जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरीं पुतण्याच्या बिऱ्हाडीं दीड महिना राहून आलों. हा पुतण्या लहानपणींच आईवेगळा झाला आणि आमच्याच घरीं, आमच्या कुटुंबाच्या हाताखालीं वाढला. त्यामुळें परदेश पाहण्यापेक्षां मुलाचा संसार पाहण्याचीच ओढ अधिक होती. पोहोंचलों त्या रात्रीं जेवावयाची वेळ झाली तेव्हां असें आढळलें कीं, मोठ्या मेजावर ताटें मांडावयास जागाच नाहीं. मेजावर एक लांबलचक करड्या रंगाची बोट पसरली होती आणि तिच्याभोंवतीं कानशी, चिमटे, सुरीचीं पातीं व रंगाच्या डब्या यांचा असा पसारा होता कीं, एखाद्या सोनारानें आपलें दुकान तेथें हलविलें असावें असें वाटावें. सूनबाईंनीं कांहीं न बोलतां स्वयंपाकघरांतल्या लहान मेजावर पानें घेतलीं. त्या न बोलण्यावरूनच आम्हीं ओळखलें कीं, हा प्रकार आजचा नव्हे.

आठ महिने हें काम चाललें होतें. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पाणबुडीची ती प्लॅस्टिकची प्रतिकृति होती, बाहत्तरास एक या प्रमाणाची. म्हणजे खरी बोट सुमारें ६७ मीटर लांब, तर ही ९३ सेंटिमीटर, आणि तिच्यावर उभा केलेला पूर्ण उंचीचा माणूस अडीच सेंटिमीटरांहूनहि किंचित् कमीच. रेव्हेल नांवाच्या कारखान्याचा संच मिळतो. त्यांत सारे भाग सपाट चौकटींना चिकटलेले असतात. ते कापावयाचे, कड घांसावयाची आणि जोडावयाचे, इतकें सांगितलें म्हणजे काम पोरकट वाटतें. आम्हांसहि तसेंच वाटलें होतें. पण शेजारीं बसून पाहूं लागलों तेव्हां मत बदललें. बोटीच्या अंगाचे ते दोन लांब भाग सरळ म्हणून नसतातच. एका टोंकाला जुळवावे तों दुसऱ्या टोंकाला तोंड वासतात. म्हणून रबराच्या कड्यांनीं आवळून बोटभर जागा चिकटवावयाची, रात्रभर सुकूं द्यावयाची आणि दुसऱ्या दिवशीं पुढची बोटभर. तें चिकटद्रव्यहि आपल्या खळीसारखें नव्हे. तें प्लॅस्टिकच वितळवून एकमेकांत मिसळवितें, त्यामुळें चुकलें तर सोडविणें नाहीं. सांध्यांत लुकण भरून तो ओल्या कागदानें घांसावयाचा, इतका कीं, डोळे मिटून नख फिरविलें तरी सांधा लागूं नये.

बोटीच्या बाहेरच्या कवचाला शेंकडों भोंकें असतात. पाणबुडी बुडी घेते तेव्हां या कवचाच्या व आंतील मजबूत पोलादी नळीच्या मधल्या पोकळींत त्यांतून पाणी शिरतें. संचाच्या साच्यांत तीं नुसतीं खोलगट उमटलेलीं. पुतण्यानें एकेक कोरून आरपार केलें होतें. त्यांतलीं निम्मीं मेजावर ठेवल्यावर कोणास दिसणार नाहींत, असें आम्हीं म्हटलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, काकू कांदाभजीं तळतांना मागचीं काळीं पडलेलीं भजीं आपल्याला वाढत असे का?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

वरच्या तारांचें काम मात्र आमच्या सौभाग्यवतींनाच करावें लागलें. चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीवर धरला म्हणजे मऊ होतो. मग दोन्ही हातांनीं ओढला कीं केंसाएवढा धागा निघतो. पुतण्याच्या हातीं तो दर वेळीं तुटे. कुटुंबानें दोनदां पाहिलें आणि म्हणाली, "अरे, पाक उतरवायचा तेव्हां उतरवावा, तूं तो चुलीवर ठेवून ओढतो आहेस." आंचेवरून काढून क्षणभर थांबून तिनें जी तार ओढली, ती मनोऱ्यापासून नाळेपर्यंत अखंड पुरली.

इतकें सारें गोडीगुलाबीचें चाललें असतांनाच वाद निघाला, तो ती कोठें ठेवावयाची यावरून. पुतण्याच्या मनांत दिवाणखान्यांतील लांब फळी होती. तीवर काचेची पेटी करून बोट ठेवावयाची. त्या फळीच्या वर भिंतीला गणपतीची तसबीर आहे. कुटुंबानें त्या दिवशीं प्रथमच विचारलें, "पण ही बोट करीत काय असे रे?" त्यानें सांगितलें, खरें तें सांगितलें. व्यापारी जहाजें बुडविणें हेंच तिचें काम. आमची नऊ वर्षांची नात ऐकत होती. कुटुंब म्हणाली, "मग ही गजाननाखालीं नको. दुसरीकडे कोठेंहि ठेव." तो म्हणाला, "काकू, मीं तिच्यावर कसलेंहि निशाण लावलेलें नाहीं." आणि तें खरें होतें. त्या राजवटीचें स्वस्तिक उघड मिरविण्यास जर्मनींत कायद्यानें मनाई आहे, म्हणून संचांतल्या निशाणावरहि तें नसतें. यानें तर तेंहि बाजूस ठेवलें होतें. (दारांतल्या रांगोळींतलें आपलें स्वस्तिक येथें कां काढावयाचें नाहीं, हें नातीला समजावितांना सूनबाईंची काय तारांबळ उडते, तें आम्हीं पाहिलें आहे.) पण कुटुंबाचा आक्षेप निशाणाला नव्हताच. दोन दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. आठ महिन्यांच्या संध्याकाळीं ज्यांत गेल्या तें काम आईच्या जागीं असलेल्या माणसानें नको म्हणावें, हें त्यास लागलें होतें. आणि वाढविलेल्या मुलाला आपण दुखविलें, हें हिला. तिसऱ्या दिवशीं त्यानेंच सुचविलें, "रंगाचा शेवटचा हात देण्यापूर्वीं खरी बोट पाहावयाची आहे. सगळेच चला."

हॅम्बुर्गहून कील गांवाला आगगाडीनें सव्वा तास लागतो. कील हें बाल्टिक समुद्राच्या एका लांब खाडीवर वसलेलें आहे. स्टेशनाजवळच्याच धक्क्यावरून छोटी आगबोट सुटते, ती खाडीच्या दोन्ही कांठांना शिवत शिवत तासाभरांत लाबो या किनाऱ्यावरच्या गांवीं पोहोंचविते. आमचा जन्म दाभोळच्या खाडीकांठचा. धक्का, दोर फेंकणारा खलाशी, पाण्याचा तो वास, यांत आम्हांस परकें असें कांहीं वाटेना. पूर्वेच्या कांठाला अजस्र याऱ्या उभ्या असलेला जहाजांचा कारखाना लागला. येथें आजहि पाणबुड्या बांधल्या जातात. आपल्या आरमारांतील 'शिशुमार' व 'शंकुश' या दोन पाणबुड्या येथेंच बांधल्या गेल्या व १९८६ सालीं आरमारांत दाखल झाल्या. त्याच नमुन्याच्या पुढच्या दोन मुंबईस माझगांवच्या गोदींत तयार झाल्या. युद्धापूर्वीं याच कांठाला गेर्मानिया नांवाची गोदी होती. पुतण्यानें तेवढें नांव घेतलें आणि तो गप्प राहिला. कां, तें नंतर कळलें.

लाबोच्या अलीकडे मोल्टेनोर्ट येथें बोट थांबते. तेथें पाण्याच्या कडेला एका उंच स्तंभावर गरुड बसविलेला आहे, आणि खालीं धातूच्या पत्र्यांवर दोन्ही महायुद्धांत पाणबुड्यांसह बुडालेल्या पस्तीस हजारांवर जर्मन नाविकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. दुसऱ्या युद्धांत पाणबुड्यांवर सुमारें चाळीस हजार माणसें गेलीं, त्यांतलीं तीस हजारांच्या आसपास परतलीं नाहींत. "चारांतले तीन," पुतण्या म्हणाला. हें तो काकूकडे पाहून म्हणाला, पण काकू गरुडाकडे पाहत होती.

लाबो येथें ७२ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. १९२७ सालीं त्याचें काम सुरू झालें व १९३६ सालीं संपलें; प्रथम तो जर्मन नाविकांचें स्मारक होता, १९५४ पासून सर्वच राष्ट्रांच्या, समुद्रावर मृत्यु पावलेल्यांचा मानला जातो. त्याच्याविषयीं याहून अधिक लिहावें असें आम्हांस वाटलें नाहीं. आमचे डोळे होते तें खालीं वाळूंत. तेथें उघड्यावर, पायांवर उभी केलेली, 'यू-९९५' ही खरी बोट आहे. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फोस गोदींत बांधलेली ही पाणबुडी १९४३ च्या सप्टेंबरांत सेवेंत आली आणि उत्तर नॉर्वेच्या थंड समुद्रांत, रशियाकडे जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवर वावरली. युद्ध संपलें तेव्हां ती ट्रॉन्डहाइम बंदरांत होती. नॉर्वेनें 'काउरा' नांव देऊन ती कांहीं वर्षें वापरली, पुढें जर्मनीला परत केली, आणि १९७२ च्या मार्चांत तरत्या याऱ्यांनीं उचलून ती या वाळूवर ठेविली. प्रेक्षकांना जाण्यायेण्याकरितां तिच्या अंगाला दोन दारें पाडलीं आहेत. मागून शिरावयाचें आणि पुढून निघावयाचें.

आंत शिरल्यावर आमचा पहिला अनुभव हा कीं, आमचें डोकें उगाच मोठें आहे. एका दालनांतून दुसऱ्यांत जावयास गोल भोंकें आहेत. प्रथम पाय, मग कंबर, मग वांकून डोकें असें त्यांतून जावें लागतें. विजेच्या यंत्रांपुढें डिझेल यंत्रांची खोली, दोहों बाजूंना एकेक यंत्र आणि मधें एका माणसापुरती वाट. त्यापुढें स्वयंपाकघर. कुटुंबानें तेथें थांबून माप घेतलें. आमच्या पुण्याच्या घरांतील देवघर याहून मोठें आहे. पंचेचाळीस-पन्नास माणसांचें जेवण येथें शिजे. दोन शौचकूप, त्यांतील एकांत सफरीच्या आरंभीं शिधाच भरलेला. निजावयाच्या फळ्या माणसांपेक्षां कमी. एक उठला कीं त्याच्याच उबेंत दुसरा निजे. कप्तानाला वेगळी खोली म्हणजे एका कोंपऱ्याला पडदा. त्याच्या समोर ऐकण्याची कोठडी, जेथें बसून कोणी एक जण कानाला यंत्र लावून दूरच्या जहाजाच्या पंख्यांचा आवाज ओळखीत असे. आणि शेवटीं पुढचें दालन, चार पाणतीरांच्या नळ्यांचें. त्यांच्या अगदीं समोर पुन्हां त्याच निजावयाच्या फळ्या. पुतण्या गंजाच्या छटा, सांधे, रंगाचे पोपडे यांचें टिपण करीत होता. नात म्हणाली, "बाबा, यांना खिडकी नव्हती?"

बाहेर आल्यावर वाळूंत बसून आम्हीं डबा सोडला, आणि तेथें एक गोष्ट आम्हीं सांगितली, जी पुतण्यालाहि ठाऊक नव्हती. आमच्या गांवीं खाडीपलीकडील मोहल्ल्यांत बरेच खलाशी होते. इंग्रज कंपन्यांच्या जहाजांवर कोंकणांतून पिढ्यान् पिढ्या माणसें जात. तिकडची एक बाई वर्षांतून एकदां आमच्या घरीं येई आणि ओटीच्या पायरीवर बसे. तिच्याजवळ पत्र्याच्या डबींत एक इंग्रजी कागद असे. आधीं तो आमचे आजोबा वाचून दाखवीत. ते गेल्यावर, आम्हांला नुकतें इंग्रजी येऊं लागलें म्हणून, आजीनें आम्हांस वाचावयास सांगितलें. जहाज शत्रूनें बुडविलें आणि तिचा नवरा मरण पावला असें समजण्यांत येतें, एवढाच मजकूर. आम्हीं तसाच अर्थ सांगितला. बाईनें विचारलें, "समजण्यात येतं म्हणजे कोणाला समजलं?" आम्हीं पुन्हां कागद पाहिला. कोणाला, तें त्यांत लिहिलेलें नव्हतें. पुढच्या वर्षीं ती पुन्हां आली, तोच कागद घेऊन.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग पुतण्यानें गेर्मानिया गोदीचें नांव कां घेतलें होतें तें सांगितलें. त्या गोदींत १९३९ सालीं 'यू-४८' बांधून झाली. तिनेंच १७ सप्टेंबर १९४० च्या रात्रीं 'सिटी ऑफ बनारस' हें जहाज अटलांटिकमध्यें बुडविलें. बॉम्बहल्ल्यांपासून वांचावींत म्हणून इंग्लंडांतून कॅनडाला धाडलेलीं नव्वद मुलें त्यावर होतीं. त्यांतलीं सत्त्याहत्तर मेलीं. त्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण त्याच जहाजावर दीडशेंहून अधिक हिंदी खलाशी व नोकर होते, आणि त्यांतले शंभराहून अधिक गेले. बारा क्रमांकाची एक होडी शेचाळीस माणसांसह आठ दिवस समुद्रांत भरकटली; सहा मुलगे, कांहीं गोरे आणि बाकी बहुतेक हिंदी खलाशी. विमानानें तिला पाहिलें व आरमारी नौकेनें उचलून घेतलें. पाणबुडीला जहाजांत मुलें आहेत हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, हेंहि त्यानें सांगितलें, आणि मग म्हणाला, "पण काकू, हें मला ठाऊक होतें, आणि तरी मला बोट सुंदरच दिसत होती."

कुटुंबानें त्याच्या पानांत आणखी एक पुरी घातली. थोड्या वेळानें विचारलें, "तुझ्या मापानें ती होडी केवढी होईल?"

अशा होड्या नऊ मीटरांच्या आसपास असत. त्यानें मनांत भागाकार केला. "साडेबारा सेंटिमीटर. अर्ध्या वितीहून जराशी मोठी."

"आणि जहाज?"

"दोन मीटरांच्या वर. तें घरांत मावणार नाहीं."

"होडी मावेल," ती म्हणाली.

लंडनला टॉवर हिल येथें ज्यांना थडगें नाहीं अशा ब्रिटिश व्यापारी खलाशांचीं नांवें कोरलेलीं आहेत. आपल्याकडील सुमारें सहा हजार खलाशांचीं नांवें ग्रंथांत लिहिलेलीं असून तो ग्रंथ मुंबईस मशीद बंदराजवळच्या नाविकगृहांत ठेविलेला आहे, हें पुतण्याकडूनच आम्हांस कळलें. आयुष्य त्या बाजूनें जाण्यायेण्यांत गेलें आणि ठाऊक नव्हतें. परत आल्यावर जावयाचें ठरविलें, पण अजून जाणें झालेलें नाहीं. त्या बाईच्या नवऱ्याचें नांव आम्हांस आठवतें, परंतु त्या नांवाचीं माणसें पुष्कळ निघावयाचीं. बापाचें नांव विचारावें तर मोहल्ल्यांत त्या घरचें आतां कोणी राहत नाहीं.

गणपतीची तसबीर मात्र कुटुंबानें हलवूं दिली नाहीं. पेटी खिडकीजवळच्या भिंतीला लागली, आणि ती बोटीपेक्षां बरीच लांब करून घेतली आहे. श्रावणांत पुतण्याचें पत्र आलें, सोबत छायाचित्र. डाव्या अंगाला पाणबुडी, गंजाच्या ओघळांसह, अगदीं लाबोच्या वाळूंतल्यासारखी. उजवीकडे रिकाम्या जागेंत, अजून रंग न दिलेली, आंगठ्याएवढ्या रुंदीची होडी. तिच्यांतलीं माणसें नात तयार करते आहे. दुसऱ्या संचांतल्या शिपायांचे पाय कापून त्यांना बसतें करावें लागतें, हातांतल्या बंदुकी काढाव्या लागतात, आणि एकेकाला संध्याकाळ जाते. पत्राच्या खालीं तिनें आपल्या अक्षरांत लिहिलें आहे : एकोणीस झाले.